शाळकरी मुलांचा कौल

मोठी माणसे बोलत असता मुलाने मध्ये तोंड घातले, की ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणून त्याला गप्प बसविण्याची चाल आपल्या घराघरांतून जुनी आहे. ती सर्वस्वी वाईट आहे, असे म्हणवत नाही. चार वडीलधारी माणसे बसली असता पोरांनी ऐकून घ्यावे, यात त्यांचे काही बिघडत नाही. परंतु ज्या गोष्टीत पहिला जीव मुलांचाच जावयाचा, त्या गोष्टीत तरी त्यांचे मत विचारावे की नाही? दरडी, पूर, वादळे यांपासून गावाचा बचाव कसा करावा हे ठरविताना शाळेतल्या मुलांना पंगतीत बसवावे, की सारे ठरल्यावर त्यांना नुसते सांगावे? फिलिपाइन्स देशातील एका लहानशा गावापुढे हा प्रश्न काही वर्षांपूर्वी अगदी उघडपणे उभा राहिला, आणि तो चक्क मतदानाने सोडवावा लागला. आपल्या सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी ऐकावी अशीच ही हकीकत आहे.

फिलिपाइन्स म्हणजे सात हजारांहून अधिक बेटांचा देश. पॅसिफिक महासागरात उठणारी वर्षाकाठी सुमारे वीस चक्रीवादळे त्याच्या समुद्रात शिरतात, आणि त्यांतील आठ-नऊ तरी जमिनीवर येऊन आदळतात. याच देशात लेते नावाचे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली जनरल मॅकार्थर यांनी आपले सैन्य उतरविले ते येथेच. तेवढ्यापुरते ते नाव आपल्याकडील वृत्तपत्रांत गाजले. या बेटाचा दक्षिण भाग हा १९६० पासून निराळा प्रांत आहे. मध्ये उभे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी समुद्रालगतची अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीवर नारळीच्या बागा व घरे. चित्रात काढावे असे दृश्य! आपल्या कोकणची आठवण यावी असे. पण डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात राहणाऱ्याला पळावयास जागा थोडी असते. शिवाय तेथील डोंगरांच्या पोटातून भूकंपाची मोठी भेग गेलेली आहे; त्यामुळे खडक आधीच खिळखिळा झालेला.

असा डोंगर पावसाने का कोसळतो, हे आपणा बायकांना समजावयास अवघड नाही. कणकेत पाणी बेताचे असते तोवर गोळा उभा राहतो. पाणी जास्त झाले की तोच गोळा परातीत पसरतो. डोंगरउतारावरील मातीचेही तसेच. पाऊस जिरत जातो तशी माती जड होत जाते, आणि कणांची एकमेकांवरील पकड मात्र सुटत जाते. शेवटी एका क्षणी वजन जिंकते आणि पकड हरते. यात एक मोठी फसवणूक आहे. हा क्षण पाऊस धो धो कोसळत असतानाच येतो असे नाही. आत मुरलेले पाणी खाली झिरपत राहते, आणि वर ऊन पडले असतानाही उतार सुटतो.

गिन्साउगोन या गावाचा घात नेमका असाच झाला. २००६ च्या फेब्रुवारीत तेथे कित्येक दिवस अतोनात पाऊस पडला. भीतीने काही कुटुंबे गाव सोडून गेलीही होती. पण पाऊस ओसरला, ऊन पडले, तशी ती परतली. १७ फेब्रुवारीस, शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, गावावरचा डोंगर खाली आला. काही मिनिटांत सारे गाव चिखलाखाली गडप झाले. अकराशेहून अधिक माणसे गेली. शाळा भरलेली होती. तीत २४६ मुले आणि ७ शिक्षक होते. त्याच सकाळी गावात एका महिला संघटनेचा मेळावा होता, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतून सुमारे शंभर माणसे आलेली होती. आज आपण आपल्या मंडळाचा वर्धापनदिन साजरा करीत असता ही ओळ लिहिताना हात थबकतो.

याच प्रांताच्या दक्षिणेस पनाओन नावाचे चिमुकले बेट आहे. त्यावर सान फ्रान्सिस्को नावाचा तालुकावजा गाव आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध शहराशी याचा संबंध नाही. स्पॅनिश लोकांनी तीनशे वर्षे राज्य केल्यामुळे तिकडे अशी संतांची नावे जागोजाग आढळतात. या सान फ्रान्सिस्कोला दरड नवीन नव्हती. २००३ च्या डिसेंबरात, नाताळास जेमतेम आठवडा राहिला असता, त्यातीलच पुन्ता या वस्तीवर डोंगर घसरून शंभराहून अधिक माणसे दगावली होती. तीन वर्षांच्या आत गिन्साउगोन घडल्यावर सरकारी भूशास्त्रज्ञ गावोगाव फिरून उतारांची तपासणी करू लागले. सांता पाझ या वस्तीत ते आले तेव्हा त्यांनी सांगितले, की येथील माध्यमिक शाळा दरडीच्या ऐन तोंडावर उभी आहे.

आता करावयाचे काय? शाळा हलवावी, की आहे तेथेच ठेवून देवावर हवाला ठेवावा? येथे गावात दोन तट पडले. शाळा हलवावी असे मुख्यतः मुलांचे म्हणणे; हलवू नये असे पुष्कळशा आईबापांचे व गावकऱ्यांचे म्हणणे. या दुसऱ्या तटाला हसण्याचे कारण नाही. नवी जागा लांब पडणार. मुलांची रोजची पायपीट वाढणार. बांधकामाला पैसा लागणार, तो कोठून आणावयाचा? शाळेच्या आसपास खाऊ व किरकोळ जिन्नस विकून ज्यांची चूल पेटत होती, त्यांचे गिऱ्हाईक जाणार. आणि हे सारे कशासाठी? तर एका सरकारी माणसाने डोंगराकडे बोट दाखविले म्हणून! इतकी वर्षे तर काही झाले नाही. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य जगातल्या सगळ्या भाषांत आहे, आणि ते बोलणारा माणूस बहुधा प्रामाणिकच असतो.

मुलांची बाजू निराळी होती. दरड म्हणजे काय, ती कशाने सुटते, जमिनीला कोणती चिन्हे आधी दिसतात, हे त्यांनी शाळेतून समजून घेतले होते. ‘प्लॅन’ ही मुलांसाठी काम करणारी संस्था त्या प्रांतात होती. तिच्या साहाय्याने मुले गावातल्या धोक्याच्या जागांचे नकाशे काढीत, झाडे लावीत, आणि शिकलेले घरी सांगत. शिवाय गिन्साउगोनची शाळा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आपल्याच वयाची, आपल्याच प्रांतातील मुले वर्गात बसल्या बसल्या गेली, हे त्यांना कोणी पटवून द्यावे लागत नव्हते. मुख्याध्यापकांनी एक विशेष गोष्ट केली. त्यांनी मुलांना दामटले नाही, की त्यांच्या वतीने स्वतःच निर्णयही दिला नाही. दोन्ही बाजूंची चर्चा गावासमोर झाली. मग कौल घेण्यात आला, आणि त्यात विद्यार्थ्यांनाही मताचा अधिकार देण्यात आला. शाळा हलविण्याच्या बाजूने १०१ मते पडली, विरुद्ध ४९.

शाळा हलली. नवी इमारत भूकंपाला टिकेल अशा बेताने सुरक्षित जागी बांधावयाची ठरली. आणि ती तयार होईपर्यंत मुले तंबूंत बसून शिकली. तंबूतली शाळा म्हणजे उन्हात भट्टी आणि पावसात गळती. पण कौल त्यांचा त्यांनीच दिलेला होता.

या हकीकतीत मला जे महत्त्वाचे वाटते, ते मुले जिंकली हे नव्हे. ती हरलीही असती. महत्त्वाचे हे, की त्यांना आधी पुरते ज्ञान दिले गेले आणि मग त्यांना खरोखरीचा प्रश्न विचारला गेला. आपल्याकडे या दोहोंपैकी बहुधा एकच घडते. निबंधाला ‘पर्यावरणाचे रक्षण’ हा विषय देतात, चित्रकलेच्या स्पर्धेत हिरवी झाडे काढवून घेतात, फेरीत फलक धरावयास लावतात. यात मुले दिसतात पुष्कळ, पण त्यांच्या सांगण्यावरून शाळेच्या आवारातील एखादा दगडही इकडचा तिकडे होत नाही. उत्सवात देव्हाऱ्यापुढे मूल उभे करावे, तसाच हा प्रकार!

फिलिपाइन्सने पुढे २०१० साली आपत्तींविषयी जो मोठा कायदा केला, त्यात माध्यमिक व वरच्या शिक्षणात हा विषय शिकविणे बंधनकारक केले. कायद्याचा उपयोग आहेच. पण सांता पाझचा कौल त्याच्या आधीचा आहे, हे लक्षात ठेवावे.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशातही मुलांनी असेच एक काम अंगावर घेतले. तेथे एका नदीच्या पात्रातून दगड काढून विकण्याचा धंदा जोरात होता, आणि त्यामुळे पुराचे पाणी काठावरील वस्तीकडे वळू लागले होते. मुलांच्या गटाने हे ओळखले, फलक लावले, पहारा ठेवला, आणि शेवटी पोलिसांकडून दगडउपसा थांबवून घेतला. आपल्या नद्यांतून वाळूचा उपसा कसा व कोणाच्या आशीर्वादाने चालतो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मुलांच्या धाडसाचे मोल सांगावयास नको. मात्र अशी कामे एकट्या मुलांवर सोपविणे बरे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांना ज्ञान दिले आणि विश्वास टाकला, तर प्रत्यक्ष संकटाच्या घटकेला काय होते, हे पाहावयाचे तर जपानात जावे लागेल. तेथील उदाहरणात संकट पावसाचे नव्हते, समुद्राचे होते. हवामानाशी त्सुनामीचा संबंध नाही. तथापि शिकविण्याची रीत दोन्हींना एकच लागू पडते, आणि या बाबतीत जपानचा इतिहास फार बोलका आहे.

जपानी शाळांच्या पाठ्यपुस्तकात १९३७ ते १९४७ ही दहा वर्षे भाताच्या गंजी पेटविण्याचा एक धडा होता. मूळ घटना १८५४ ची. की प्रांतातील हिरो या गावी त्सुनामी आली असता, हामागुची गोर्यो या सधन गृहस्थाने अंधारात वाट चुकलेल्यांना उंचवट्याची दिशा दिसावी म्हणून भाताच्या गंजींना आग लावली. पुढे लाफ्काडियो हर्न या लेखकाने ही गोष्ट इंग्रजीत सांगितली, तेव्हा त्याने हामागुचींना म्हातारे केले. वस्तुतः ते त्या वेळी ऐन चौतिशीत होते. गोष्टीतला म्हातारा एकटा शहाणा, आणि गाव त्याच्या मागे धावणारे. धडा सुंदर होता, मुलांच्या मनात तो कायम राहिला. हामागुचींनी त्यानंतर स्वतःच्या पैशाने समुद्रकाठी सुमारे सहाशे मीटर लांबीचा बांध घातला. घरेदारे गेलेल्या गावकऱ्यांना त्या कामावर मजुरी मिळाली. १९४६ च्या त्सुनामीत त्याच बांधाने गावाचा बराचसा भाग राखला. त्या गावी १९०३ पासून दरवर्षी उत्सव होतो, आणि शाळेतील मुले बांधावर ओंजळभर माती नेऊन घालतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली ५ नोव्हेंबर हा दिवस त्सुनामीविषयी जागृतीचा म्हणून ठरविला, तो याच घटनेवरून.

पण म्हाताऱ्याची वाट पाहणे दर वेळी परवडत नाही. ईशान्य जपानात कामाइशी नावाचे बंदर आहे. त्या किनाऱ्यावर १८९६ च्या जूनमध्ये त्सुनामीने सुमारे बावीस हजार माणसे नेली, आणि १९३३ च्या मार्चमध्ये पुन्हा सुमारे तीन हजार. तीस वर्षे खपून सरकारने कामाइशीच्या तोंडाशी समुद्रात प्रचंड बांध उभारला. २००९ साली तो पुरा झाला. त्याचा पाया ६३ मीटर खोल पाण्यात होता, आणि जगातील सर्वांत खोल बांध म्हणून विक्रमांच्या नोंदीत त्याचे नाव गेले. एवढा बांध असल्यावर भीती कसली, असे लोकांना वाटू लागले, तर नवल काय?

गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक कातादा तोशिताका यांना नेमकी याचीच भीती वाटत होती. त्यांनी प्रथम मोठ्या माणसांसाठी व्याख्याने दिली. व्याख्यानाला येत ती त्याच त्या हौशी मंडळी; ज्यांनी यावे ते येतच ना. (भगिनींनो, हा अनुभव आपल्या मंडळासही नवा नाही.) तेव्हा ते शाळांकडे वळले. शिक्षकांच्या साहाय्याने त्यांनी निराळा धडा न करता आहे त्याच विषयांत हा विषय मुरविला. गणिताच्या तासाला लाटेचा वेग काढावयाचा. भूगोलाच्या तासाला आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून त्यावर पळावयाच्या वाटा दाखवावयाच्या. नकाशा सरकारने छापलेला नव्हे, प्रत्येकाने आपल्या पायांनी चालून काढलेला. छापील नकाशावर धोक्याची रेघ असते. पण समुद्र ती रेघ वाचीत नाही, हे त्यांनी मुलांना पुनःपुन्हा सांगितले.

त्यांची तीन सूत्रे होती. गृहीत धरलेल्यावर विसंबू नका. त्या घटकेला जे करता येईल ते सर्व करा. आणि पळणाऱ्यांत पहिले व्हा. शेवटचे सूत्र आपल्या कानाला स्वार्थी वाटते. त्या किनाऱ्यावर ‘तेंदेंको’ म्हणून एक जुना बोल आहे. त्याचा अर्थ जो तो आपापल्या पायांनी पळो. त्याच्या मागे फार दुःखाचा अनुभव आहे. आई मुलाला शोधावयास समुद्राकडे धावते, मूल आईची वाट पाहत थांबते, आणि दोघेही जातात. असे त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घडले. म्हणून कातादांनी मुलांना घरी जाऊन आईला सांगावयास लावले, की मी नक्की पळेन, तू माझ्यासाठी थांबू नकोस, तूही पळ. मूल जेव्हा अशी खात्री देते, तेव्हा ती ऐकून गप्प राहणे कोणत्याही आईला सोपे नसते. परंतु या एका संभाषणाने आखणी घरात शिरते. नुसत्या शाळेत राहत नाही.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. कामाइशीच्या उनोसुमाई भागात एक माध्यमिक आणि तिच्या शेजारीच एक प्राथमिक, अशा दोन शाळा होत्या. दोन्ही सरकारी नकाशावरील धोक्याच्या रेघेबाहेर. माध्यमिक शाळेची मुले धावत सुटली. प्राथमिक शाळेतील मुले तिसऱ्या मजल्यावर जमू लागली होती. मोठी मुले पळताना पाहून तीही खाली उतरून त्यांच्या मागे निघाली. ठरलेल्या जागी सारी पोहोचली. तेथे शेजारचा कडा ढासळताना दिसला, म्हणून ‘येथे थांबू नये’ असे ठरून सर्व आणखी वर गेली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. दुसऱ्या जागेवरूनही त्यांना पुढे जावे लागले, कारण मागे गाव पाण्याखाली जाताना दिसत होते. सुमारे सहाशे मुले वाचली. दोन्ही शाळा बुडाल्या. साऱ्या कामाइशीत प्राथमिक व माध्यमिक शाळांची मिळून जवळजवळ तीन हजार मुले होती. त्यांतील पाच गेली, आणि ती पाच त्या वेळी शाळेच्या ताब्यात नव्हती. शहरात मात्र हजाराहून अधिक माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. मोठ्या विक्रमाचा तो समुद्रातला बांधही फुटला.

वृत्तपत्रांनी याला ‘कामाइशीचा चमत्कार’ म्हटले. वाचलेल्या मुलांना तो शब्द रुचला नाही. आम्ही शिकलो होतो तसे वागलो, यात चमत्कार कसला, असे त्यांचे म्हणणे. आणि ज्यांचे आप्त गेले त्यांच्यापुढे तो शब्द उच्चारवत नाही, हेही खरेच. शहरानेही पुढे तो शब्द टाकून दिला. त्याच उनोसुमाईत एका नव्या इमारतीत लोक आश्रयाला गेले होते, कारण सरावाच्या वेळी तेथेच जमावयाची सवय लागली होती. ती इमारत त्सुनामीसाठी नेमलेली नव्हतीच. तेथे दीडशेहून अधिक माणसे गेली असावीत, असे मानतात. सराव करून घेणे आणि विचार करावयास शिकविणे यांतला फरक एवढा भयंकर असू शकतो.

त्याच दिवशी दक्षिणेकडे इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेत १०८ मुलांपैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. शाळेमागे टेकडी होती. भूकंपानंतर पाऊणएक तास मुले मैदानात उभी होती. कोठे जावे हे मोठ्यांचे ठरत नव्हते. टेकडीवर जाऊ या, असे काही मुले म्हणत होती, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. आईबापांनी न्यायालयात दाद मागितली. वरिष्ठ न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला, की शाळेने व शिक्षणखात्याने आधीपासून नीट आखणी करावयास हवी होती, आणि सरकारी नकाशावर डोळे झाकून विसंबणे हा बचाव होऊ शकत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. त्या शाळेचे भग्नावशेष आज स्मारक म्हणून राखलेले आहेत.

आता आपल्याकडे वळू. आपल्या डोंगरात त्सुनामी येणार नाही. पण पाऊस येतो, आणि तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. हवा तापते तशी तिच्यात वाफ अधिक मावते, तापमानाच्या एका अंशामागे सुमारे सात टक्के. आणि ती उतरते तेव्हा एकदम उतरते. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. मुंबईस सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. महाबळेश्वरी २२ जुलै २०२१ रोजी ५९४ मिलिमीटर. त्याच दिवशी महाडजवळचे तळिये दरडीखाली गेले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण. तेथे १५१ माणसे गेली. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून जाहीर करून शोध थांबवावा लागला.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. कामाइशीच्या दोन शाळा धोक्याच्या रेघेबाहेर होत्या, तशीच ही वाडी यादीबाहेर होती. फरक एवढाच, की तेथील मुलांना कोणी आधीच सांगून ठेवले होते, की यादीवर विसंबू नका.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. २०११ साली केंद्राने शाळांच्या सुरक्षेचा कार्यक्रम सुरू केला, तो २२ राज्यांतील ४३ जिल्ह्यांत, जिल्ह्यामागे दोनशे शाळा, अशा बेताने. भूकंप आला तर बाकाखाली शिरावे, आग लागली तर रांगेने बाहेर पडावे, हे मुलांना आता पुष्कळ ठिकाणी येते. पण शाळा जेथे आहे तेथे ती असावी का, वाडीतून खाली येणारी वाट पावसात टिकते का, रात्री दोन वाजता कोणत्या घरातील आजी चालू शकणार नाही, हे प्रश्न मुलांना कोणी विचारीत नाही. आणि याची उत्तरे तालुक्याच्या कचेरीपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असतात. रोज त्या वाटेने तीच तर जातात. कोणत्या ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, कोणते झाड कलू लागले, कोणत्या घराचे दार पावसाळ्यात एकाएकी घट्ट बसू लागले, बांधावर कोठे नवी चीर पडली, ही दरडीची आगाऊ चिन्हे आहेत. आणि रिकाम्या फिरणाऱ्या पोराच्या नजरेस ती पडतात, ती पंचांच्या नजरेस पडत नाहीत.

माळीणच्या लोकांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले. २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे थाटात उद्घाटन झाले. नीटनेटकी घरे, रस्ते, शाळा, सारे काही देण्यात आले, आणि ते देणाऱ्यांची कळकळ खोटी नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा नव्या गावातील रस्ते खचले, भराव वाहून गेला, भिंतींना तडे गेले. आणि एकदा दरडीतून वाचलेली माणसे पुन्हा रात्रभर जागी राहिली. त्या गावातील मुलांना पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून कसे धावते, हे पायांनी ठाऊक होते. आखणीच्या वेळी त्यांना कोणी बोलावले असते, तर नकाशावरील एखादी रेघ कदाचित बदलली असती.

सांता पाझला मुलांना सहावी-सातवीच्या पुस्तकापलीकडचे काही लागले नव्हते. सरळ कडांचे एक भांडे, फूटपट्टी आणि वही एवढ्यावर पावसाची रोजची नोंद होते. चौथीची मुलगीही ती ठेवू शकते. सकाळी ठरल्या वेळी भांड्यातील पाणी मोजावयाचे, तारखेपुढे मिलिमीटर लिहावयाचे, भांडे रिकामे करून पुन्हा उघड्यावर ठेवावयाचे. डोंगरालगतच्या शाळेत अशी वही चार पावसाळे चालली, की आपल्या गावात किती पावसाला ओढा दुथडी भरतो, हे वर्गात सांगावयास बाहेरचा माणूस आणावा लागणार नाही.